टिल्मन्समध्ये शांतता ठेवणारी बाई

वर्डेल मॅकीला आवाज नव्हता असं नाही. तो कोणी ऐकलेला नव्हता, एवढंच.

खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, खेकडे सोलायच्या शेडमध्ये ती लहानाची मोठी झाली. तिथं चाळीसेक बाया लांब टेबलांशी उभ्या राहून दिवसभर खेकडे सोलायच्या आणि सोलता सोलता भजनं म्हणायच्या. एवढ्या बायांत आपला आवाज असला काय आणि नसला काय, असं वाटून वर्डेल नुसते ओठ हलवायची. सतराव्या वर्षी ती बाल्टिमोरला आली, धुणीभांडी केली, मग एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, आणि चोविसाव्या वर्षी माउंट हर्मन चर्चमध्ये दारावरची सेविका झाली.

ते काम जणू तिच्या मापाचं शिवलेलं होतं. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे कमरेवर, आणि जे काय बोलायचं ते उजव्या हाताने. तळहात छातीसमोर उभा धरला की थांबा, आत प्रार्थना चालली आहे. तोच हात खाली मांडीशी नेऊन उघडला की आता या. दोन बोटं दाखवली की डावीकडच्या बाकावर दोन जागा आहेत. प्रवचन रंगलं की लोक उत्तरं द्यायचे, ओरडायचे, एखादी बाई भरात येऊन नाचायला लागायची. तिचा चष्मा काढून घ्यायचा, तिला वारा घालायचा आणि पडलीच तर झेलायचं हे सेविकांचं काम. सेविकेने स्वतः भरात यायचं नाही. पंचवीस वर्षं वर्डेल त्या दारावर उभी राहिली, आणि शेकडो माणसं तिच्यासमोर रडली, हसली, किंचाळली, पण तिच्या तोंडून 'आमेन'सुद्धा निघाल्याचं कोणाला आठवत नाही.

तिचा नवरा लेम्युअल मॅकी. आठवडाभर गोदीत वेल्डिंग करायचा आणि रविवारी दुपारी अव्हेन्यूवरच्या टिल्मन्स क्लबमध्ये डबल बास हे तंतुवाद्य वाजवायचा. बासही त्याच्यासारखाच होता, उंच, मागे उभा राहणारा, आणि गप्प झाला तरच काहीतरी कमी झालंय असं कळणारा. एकोणीसशे सत्तेचाळीस साली एका फिरत्या बँडने लेमला बरोबर यायला सांगितलं होतं. बस रविवारी एक वाजता सुटणार होती. साडेबाराला लेम बास घेऊन चर्चच्या पायऱ्यांवर आला. वर्डेल दारावर होती. घरी तिची आई अंथरुणाला खिळलेली, मुलगी सात वर्षांची. लेमने फक्त भुवया उंचावून विचारलं. वर्डेलने तळहात उभा धरला.

लेम थांबला. कायमचाच थांबला. त्या गोष्टीबद्दल दोघांनी पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही. पंधरा वर्षं वर्डेल त्याचे सदरे इस्त्री करत राहिली, आणि इस्त्री करताना पुष्कळदा तिला आपला तो पांढरा हातमोजा दिसायचा.

पुढे ती रविवारी टिल्मन्सच्या स्वयंपाकघरात मासे तळायला जाऊ लागली. चर्च सुटलं की पांढरा पोशाख बदलून तिथं. टिल्मन्समध्येही माणसं तीच, टोप्यासुद्धा त्याच, सकाळी चर्चमध्ये घातलेल्या. लेक ट्राउट म्हणजे तळलेल्या माशाची कागदी पुडी, मोहरीचा सॉस आणि समोर ग्लास. आणि तोंड अखंड चालू. सॅक्सोफोनवाला एखादी ओळ वाजवून श्वास घेई, त्या श्वासाच्या जागेत कोणीतरी 'हां, मग पुढं काय झालं' म्हणे, मग तो पुढचं सांगे. त्यात सगळ्यात पुढे डीकन पर्नेल. हा काही खरा डीकन, म्हणजे चर्चचा पदाधिकारी नव्हे, कोपऱ्यावरचा न्हावी. चर्चमध्ये वर्षातून दोनदा जाई म्हणून लोकांनी त्याला ती पदवी दिली होती.

बासष्ट सालच्या एप्रिलमध्ये बातमी आली की टिल्मन्समध्ये रेकॉर्ड होणार आहे. अँब्रोझ गेन्स, सॅक्सोफोनवाला, इथलाच मुलगा. न्यूयॉर्कला जाऊन त्याने थोडंफार नाव केलं होतं, आणि गावी आला की तो लेमबरोबरच वाजवायचा. न्यूयॉर्कच्या एका लहानशा कंपनीचे मिस्टर हॅल्वर्सन त्याला घेऊन रेकॉर्ड काढायला तयार झाले. अँब्रोझने अट घातली: स्टुडिओत नाही, टिल्मन्समध्ये, रविवारी दुपारी, लोकांसमोर, आणि बासवर लेम.

लेमने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तो बूट काढत होता. सांगून झाल्यावर एक बूट हातात धरून तो बराच वेळ बसून राहिला. एक्कावन्न वर्षांचा माणूस, आणि आजवर त्याच्या वाजवण्याचा एक सूरही कुठे ठेवलेला नव्हता. वाजला आणि गेला.

वर्डेलने त्याच क्षणी ठरवलं की या वेळी आपल्यामुळे काही अडणार नाही. आणि तिला जे येत होतं ते ती करायला लागली.

तो आठवडा ती घरोघर फिरली. टिल्मन्समध्ये येणारं जे जे तोंड तिला माहीत होतं त्या प्रत्येकाला तिने सांगितलं, रविवारी आवाज करायचा नाही. टेप चालू असणार. जे वाजेल ते कायमचं राहणार. बुधवारी ती पर्नेलच्या दुकानात गेली.

"डीकन, रविवारी तोंड बंद."

"माझं? मिस वर्डेल, मी कधी काय बोलतो? मधूनच एखादा शब्द."

"एकही नाही. तुमचा खोकलासुद्धा त्या टेपवर चढून न्यूयॉर्कला जाईल."

"जाऊ दे की. मी काही गेलो नाही, खोकला तरी जाऊन येईल."

खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणासकट हसलं. वर्डेल हसली नाही.

"बावीस वर्षं, डीकन," ती म्हणाली. "बावीस वर्षं वाजवतोय तो तिथं."

पर्नेलने वस्तरा पुसला. "ठीक आहे. दिला शब्द. आणि तो माझा रविवारपर्यंतचा शेवटचा समजा."

"तो कसला गप्प बसतोय," गिऱ्हाईक म्हणालं.

"तू हलू नकोस. तुझा कान आहे माझ्या हातात."

रविवारी साडेतीनलाच टिल्मन्स भरलं. भिंतीकडेलासुद्धा माणसं उभी. टेपचं यंत्र घेऊन आलेल्या माणसाने पियानोजवळच्या टेबलावर संसार मांडला होता. त्याच्यापुढे एक लहान लाल दिवा. तो लागला की टेप चालू. छतावरचे पंखे घरघरतात म्हणून त्याने ते बंद करायला लावले होते. वर्डेल स्वयंपाकघराच्या अर्ध्या दाराशी उभी राहिली. तिथून लेम दिसत होता, त्याच्या सदऱ्याची तिने केलेली घडी दिसत होती. आणि आणखी एक गोष्ट दिसत होती. कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी, भिंतीला टेकून, खोळ घातलेला दुसरा एक बास उभा होता.

त्याच्या शेजारच्या टेबलावर एक तरुण माणूस बसला होता. उंची जाकीट, बारीक टाय, लांब बोटं.

"तो कोण?" तिने क्लबच्या मालकीणबाईंना, मिस ओलाला विचारलं.

"एअर्स म्हणून आहे. न्यूयॉर्कच्या साहेबांबरोबर आलाय."

"कशाला?"

मिस ओलाने ग्लास पुसता पुसता तिच्याकडे पाहिलं आणि ग्लास फळीवर ठेवला.

लाल दिवा लागला. वर्डेलने डावा हात पाठीमागे घेतला आणि उजवा तळहात उभा धरला.

दीडशे माणसं चिडीचूप झाली. असं टिल्मन्स कोणी पाहिलं नव्हतं. खुर्ची करकरली नाही की काटाचमचा वाजला नाही. पर्नेल टोपी मांडीवर धरून शाळेतल्या पोरासारखा ताठ बसला होता. अँब्रोझने पहिली ओळ वाजवली, श्वास घेतला, आणि त्या श्वासाच्या जागेत काहीच आलं नाही. त्याने डोळे उघडले. पुढची ओळ वाजवली. पुन्हा जागा सोडली. पुन्हा काही नाही. ड्रमवाल्या पीटी साइक्सने मान वळवून लोक आहेत ना, असं पाहिलं. लेमच्या कपाळावर घाम आला होता आणि त्याची नजर स्वतःच्या डाव्या हातावर खिळली होती. एरवी तो कधी हाताकडे पाहत नसे.

वर्डेलला हे दिसत होतं, पण तिने त्याचा अर्थ वेगळा लावला. तिला वाटलं, घाबरलाय. तिला वाटलं, आपण आणखी सांभाळायला हवं. तासभर तिने तो हात खाली घेतला नाही. प्रत्येक गाण्यानंतर लाल दिवा विझे, मग लोक टाळ्या वाजवत, त्यासुद्धा बेताने. आजाऱ्याच्या खोलीत वाजवाव्यात तशा.

पहिली फेरी संपली. वर्डेल मागच्या बोळात रिकामे खोके ठेवायला गेली, तर दाराच्या पलीकडे मिस्टर हॅल्वर्सन आणि अँब्रोझ उभे होते. ती जागच्या जागी थांबली.

"गेन्स, तास गेला आणि माझ्या हातात काही नाही," हॅल्वर्सन म्हणत होते. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "सगळं जपून चाललंय. आणि खालच्या सुरांतून काही येतच नाही. तुझा बासवाला लाकडासारखा वाजवतोय."

"बास लाकडाचाच असतो."

"चेष्टा करू नकोस. दोन रिळं उरलीत, तासभराची. मी पुन्हा इथं यायचो नाही, कंपनीला ते परवडायचं नाही. एअर्स बसलाय बाहेर. तुझी सगळी गाणी त्याला पाठ आहेत."

"लेम बावीस वर्षं..."

"ठाऊक आहे मला. बावीस वर्षं टेपवर ऐकू येत नाहीत."

 मग अँब्रोझ म्हणाला, "पहिलं एक. दुसऱ्या फेरीतलं पहिलं लेमबरोबर. मग तुम्ही म्हणाल तसं."

"एक," हॅल्वर्सन म्हणाले. "आणि तेही नाही जमलं, तर तूच सांगायचंस त्याला. मी नाही."

वर्डेलने खोके हळूच खाली ठेवले.  एक गाणं. तिच्या डोक्यात एकच आलं: काहीतरी आवाज होत असणार. तिच्याच स्वयंपाकघरातून. तिने धावत जाऊन चूल बंद केली. तेल चरचरायचं थांबलं. मग बर्फाच्या पेटीची विजेची तार काढली. पैशाच्या गल्ल्याची घंटा वाजू नये म्हणून त्यावर टॉवेल टाकला. ग्लासांतला बर्फ किणकिणतो म्हणून ट्रेमधले ग्लास उचलले आणि एकेक करून बर्फ मोरीत टाकायला लागली.

"वर्डेल," मिस ओला म्हणाली, "बर्फाशिवाय व्हिस्की द्यायची? हे काय चाललंय, मयताला बसलोय का आपण?"

"एकच गाणं, मिस ओला. मग घाला हवा तेवढा बर्फ."

"बाई गं, मला तर त्या पहिल्या तासात वाटलं की मीच वारले."

वर्डेलने आणखी एक ग्लास मोरीत रिकामा केला.

तेवढ्यात लेम आत आला. पाणी हवं होतं. त्याने ग्लास तोंडाला लावला, अर्धाच प्यायला. त्याला त्या बोलण्यातलं काही माहीत होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. पण येताना तो खुंट्यांपाशी उभ्या त्या बासवरून नजर वळवून आला होता, एवढं तिने पाहिलं होतं.

"हात दुखतोय का?" तिने विचारलं.

"नाही."

"गरम होतंय?"

"नाही गं." त्याने ग्लास ठेवला. "आज कोणी आलंच नाही असं वाटतंय."

"कोणी आलं नाही काय? पाय ठेवायला जागा नाही बाहेर."

"हो. दिसतात." लेम दाराकडे वळला. "तू सगळ्यांना छान गप्प बसवलंस. डीकन तर फोटोसारखा बसलाय."

तो चिडून बोलला नव्हता. लेम चिडत नसे. तो खरोखरच कौतुकाने म्हणाला, आणि गेला.

वर्डेल मोरीपाशी उभी राहिली. मोरीत बर्फ वितळत होता. तिला पास्टरसाहेबांचं गेल्या हिवाळ्यातलं एक प्रवचन आठवलं. बर्फ पडला होता, चर्चमध्ये जेमतेम अकरा माणसं, सगळी दूर दूर बसलेली, कोणी उत्तर देईना. एरवी गर्जणारा तो माणूस दहा मिनिटांत आटोपून खाली उतरला होता. दारात तिच्याशी हात मिळवताना म्हणाला होता, "सिस्टर मॅकी, भिंतीशी किती वेळ बोलायचं?"

तिने हे केलं होतं. तिने. घरोघर जाऊन, हात जोडून, शब्द घेऊन, तिने लेमसमोर भिंत उभी केली होती.

ती पदर खोचावा तसा एप्रन सावरत दाराकडे धावली. कोणाला तरी सांगायला हवं होतं. पर्नेलला, निदान पुढच्या टेबलांना. पण अँब्रोझ मायक्रोफोनपाशी उभा राहिला होता, पियानोवाल्याने हात उचलले होते, आणि ती अर्ध्या दाराशी पोचते न पोचते तोच लाल दिवा लागला.

हळू चालीचा ब्लूज होता. त्याला तेव्हा नावही नव्हतं. अँब्रोझने सुरावट दोनदा फिरवली, मध्ये जागा सोडल्या आणि त्या जागा रिकाम्याच गेल्या. लोक वर्डेलकडे पाहत होते. का पाहताहेत हे तिला आधी समजेना. मग तिने खाली पाहिलं. तिचा उजवा हात आपोआप छातीसमोर उभा राहिला होता.

तिने तो खाली घेतला. मांडीशी नेला, उघडला. आता या. माउंट हर्मनची दोन-चार माणसं होती, ती खुर्चीत पुढे सरकली. पण बोललं कोणी नाही. कसं बोलतील? तिच्याच तोंडून ऐकलं होतं सगळ्यांनी, की जे उमटेल ते कायमचं राहील.

अँब्रोझने सॅक्सोफोन तोंडातून काढला आणि लेमकडे मान वळवली. पियानो थांबला. पीटीने ड्रमवर फक्त तारांचे कुंचले फिरते ठेवले. आता लेम एकटा. हॅल्वर्सन भिंतीशी उभे होते, त्यांनी घड्याळ पाहिलं. एअर्सने टेबलाखालचा पाय बाहेर घेतला, उठायची वेळ आली की माणूस घेतो तसा.

लेमने एक ओळ वाजवली. नीट, स्वच्छ, मेलेली. दुसरी वाजवली. वर्डेलने तोंड उघडलं आणि मिटलं. आता बोलले आणि टेप खराब झाली, तर याला दुसऱ्यांदा थांबवणारी मीच. पहिल्यांदा हात होता, आता तोंड. ती बर्फाच्या पेटीला टेकली. पेटी बंद होती, तिचीसुद्धा घरघर नव्हती. सोबतीला काहीच नव्हतं.

तिसरी ओळ लेमने सुरू केली आणि मध्येच थांबला. त्याचा उजवा हात तारांवरून उचलला गेला आणि हवेत राहिला. एक मात्रा गेली. दोन. तीन. कुंचले फिरत होते.

"बोल, लेम," वर्डेल म्हणाली.

ती ओरडली नाही. जेवताना मीठ मागावं तशी म्हणाली. पण त्या शांततेत ते शब्द कोपऱ्याकोपऱ्यात गेले. दीडशे माना वळल्या. टेपवाल्याचा हात यंत्राच्या बटणावर गेला.

लेमने वर पाहिलं. त्या दुपारी पहिल्यांदाच हातावरून नजर काढून त्याने वर पाहिलं. मग त्याने एक सूर वाजवला. एकच, खालचा, लांब.

"हां," वर्डेल म्हणाली. "ऐकतेय मी."

त्याने दुसरा वाजवला आणि त्याच्या मागोमाग आणखी तीन.

"मग? पुढं?"

"अरे, हीच बोलायला लागली," डीकन पर्नेलचा आवाज आला, "तर माझा शब्द गेला चुलीत."

सगळं टिल्मन्स हसलं. तासभर कोंडलेलं हसू होतं ते, छपराला लागलं. त्या हसण्यावर लेम स्वार झाला. तो वाजवायला लागला, म्हणजे रविवारी एरवी वाजवायचा तसा, एक पाय पुढे टाकून, बासच्या मानेवर गाल टेकून. प्रत्येक ओळीला कोणीतरी उत्तर देत होतं. "सांग त्याला." "असं का?" "घरी माहीत आहे का हे?" पुडीचे कागद कुरकुरले. कोणाचा तरी ग्लास पडला. तोही बरोबर मात्रेवर पडला, असं पीटी पुढे आयुष्यभर सांगत असे.

टेपवाला हॅल्वर्सनकडे पाहत होता. बोट बटणावर. हॅल्वर्सन भिंतीपासून सुटून दोन पावलं पुढे आले, तोंड उघडलं, आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी मान हलवली. नको.

गाणं संपलं तेव्हा दिवा विझायची कोणी वाट पाहिली नाही.  सगळ्यांचं लक्ष आरडाओरड्यात होतं, वर्डेलचं मात्र खुंट्यांकडे. एक गाणं झालं होतं. आता ते सांगणार. हॅल्वर्सन एअर्सच्या टेबलापाशी गेले आणि वाकून काहीतरी बोलले. एअर्सने वर पाहिलं, मग व्यासपीठावर लेमकडे पाहिलं.

"मी?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिथं जाऊन काय करू? माझा बास झोपलाय साहेब, झोपू द्या त्याला." मग तो खुर्चीतच मागे वळला आणि अर्ध्या दारावरून वर्डेलला म्हणाला, "बाई, मला मासा मिळेल का? मघापासून वास होता, आता तोही बंद झालाय."

अँब्रोझने कोणाकडे न बघता पुढच्या गाण्याच्या मात्रा मोजायला सुरुवात केली. वर्डेलने चूल पेटवली.

रेकॉर्ड सप्टेंबरात आली. पहिल्या फेरीतलं एकही गाणं तिच्यावर नव्हतं. कव्हरच्या मागे चार नावं छापली होती, चौथं लेम्युअल मॅकी. वर्डेलचं नाव नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं. त्या ब्लूजला अँब्रोझने नाव दिलं होतं 'स्वयंपाकघराचं दार'. पुढच्या एका गाण्यात, कान देऊन ऐकलं तर, मागे मासा तळला जातोय तेही ऐकू येतं.

माउंट हर्मनमध्ये मात्र प्रकरण जड गेलं. सेविकांच्या मंडळाच्या अध्यक्ष सिस्टर हारग्रोव्ह यांच्या पुतण्याने रेकॉर्ड विकत घेतली होती. त्यांनी वर्डेलला खालच्या खोलीत बोलावून घेतलं.

"सिस्टर मॅकी, तो आवाज तुमचा आहे?"

"हो."

"पंचवीस वर्षांत देवाच्या घरात तुम्ही कधी तोंड उघडलं नाहीत. आणि दारूच्या गुत्त्यात उघडलंत?"

  तीन महिने वर्डेलला दारावर उभं राहायची मनाई झाली. तिने हातमोजे धुऊन, घडी घालून टेबलावर ठेवले आणि वर जाऊन तिसऱ्या बाकावर बसली. बसून प्रवचन ऐकण्याची तिची पंचवीस वर्षांतली ती पहिलीच वेळ. समोर माणसांच्या पाठी नव्हेत, पास्टरसाहेबांचा चेहरा होता. अर्ध्या प्रवचनात त्यांनी श्वास घ्यायला जागा सोडली, आणि वर्डेल "हां, मग?" म्हणाली. शेजारच्या बाईने दचकून पाहिलं. पास्टरसाहेब क्षणभर अडखळले आणि मग दुप्पट जोराने सुटले.

घरी लेम ती रेकॉर्ड फारशी लावत नसे. कोणी आलं आणि आग्रह केला तरच. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मात्र त्याने आपणहून लावली. बाहेर गार वारा होता, वर्डेल टेबलाशी बसून घेवडा निवडत होती. ब्लूज आला, बासची पाळी आली. एक ओळ, दुसरी, तिसरी अर्धी, आणि मग ती तीन मात्रांची शांतता. लोक त्या शांततेचं फार कौतुक करत. काय धीर आहे माणसाला, म्हणत, कसा थांबतो.

"तिथं माझं संपलं होतं," लेम म्हणाला.

"काय संपलं होतं?"

"सगळं. बास आडवा ठेवणार होतो. त्या पोराला हात करून बोलावणार होतो वर. हात उचललासुद्धा होता."

रेकॉर्डवर वर्डेलचा आवाज आला, मीठ मागितल्यासारखा. खोलीतली वर्डेल घेवड्याची शेंग हातात धरून बसली. पंधरा वर्षं जे शब्द इस्त्रीखाली दाबून ठेवले होते ते तिच्या जिभेवर आले.

"लेम, तेव्हा चर्चच्या दारात मी..."

लेमने उजवा तळहात छातीसमोर उभा धरला. नेमका तिच्यासारखा, कोपर अंगाशी, बोटं जुळवून. थांब, आत काहीतरी चाललंय. आत पर्नेल आपला शब्द चुलीत घालत होता आणि दीडशे माणसं हसत होती. वर्डेल थांबली. लेम डोळे मिटून ऐकत होता आणि हात तसाच होता. ब्लूज संपला, त्यानंतरचं गाणं झालं, तळल्याचा आवाज आला, बाजू संपली, सुई मधल्या रेघेत टकटक करायला लागली.

लेमने तो हात खाली मांडीशी नेला आणि उघडला.

वर्डेलने तोंड उघडलं. इतकी वर्षं साठवलेलं ते वाक्य तिने शोधलं, आणि आता त्याची सुरुवातच तिला सापडेना.

"मासा करू का रात्री?" ती म्हणाली.

"कर," लेम म्हणाला, आणि रेकॉर्ड उलटी करायला उठला.